वर्गातल्या वर्गात मुलांची हालचाल: शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागातल्या मराठी शाळांमधले शिक्षक, मुख्याध्यापक, एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सभासद आणि पालक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पहिली ते आठवीच्या वर्गांना ती लागू पडतात. मैदान लहान असो वा नसो, पीटीचे सर असोत वा नसोत, इथे सांगितलेलं सगळं चार भिंतींच्या आत आणि एका शिक्षकाच्या बळावर होण्यासारखं आहे.

पीटीचा तास आहेच की. मग वर्गात वेगळा व्यायाम कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. त्यातल्या आठवड्याच्या किमान तीन दिवशी जोरदार व्यायाम आणि हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम असावा. आठवड्यातून एक-दोनदा येणाऱ्या पीटीच्या तासातून हे भागत नाही. त्या तासातही रांग लावणं, दोन संघ पाडणं, खो-खोत आपला नंबर येईपर्यंत बसून राहणं यात बराच वेळ जातो. जी मुलं चपळ असतात तीच जास्त पळतात. ज्यांना व्यायामाची खरी गरज, ती कडेला उभी.

शिवाय लागोपाठ तीन तास बेंचवर किंवा बस्करपट्टीवर बसणं हाच एक वेगळा त्रास आहे. पाठ वाकते, पाय आखडतात, लक्ष उडतं. संध्याकाळी मैदानावर खेळलं म्हणून दिवसभराचं बसणं भरून निघत नाही. ते मध्ये मध्ये तोडावंच लागतं.

दिवसाला किती वेळ द्यावा?

एकूण १५ ते २० मिनिटं, तुकड्या-तुकड्यांनी. प्रार्थनेनंतर ओळीतच ५ मिनिटं. दुसरा तास संपताना ३ मिनिटं. दुपारच्या सत्रात, डोळे जड होतात तेव्हा, ३ ते ४ मिनिटं. आणि एखादा विषय हालचालीतून शिकवला तर त्याची ५-६ मिनिटं. एकदम २० मिनिटांचा कार्यक्रम वर्गात बसवू नका. जागा कमी पडते, घाम येतो, आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांना वर्ग आवरत नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांचा धीर १५ मिनिटांत सुटतो. त्यांना दर १५-२० मिनिटांनी मिनिटभर उठवलेलं बरं. सातवी-आठवीला ३०-४० मिनिटांनी उठवलं तरी चालतं.

आमच्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही. तीस मुलं आणि बेंच. कसं जमणार?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि अडचण खरी आहे. वीस बाय वीस फुटांची खोली म्हणजे ४०० चौरस फूट. त्यातली निम्मी जागा बेंच, टेबल, कपाट आणि फळ्यासमोरची मोकळी पट्टी खातात. उरलेल्यात तीस मुलं म्हटल्यावर एकाच्या वाट्याला साधारण सात चौरस फूट येतात.

आता मुलाचे दोन्ही हात पसरून मोजा. माणसाच्या पसरलेल्या हातांची लांबी जवळजवळ त्याच्या उंचीएवढी असते. चौथीचा १३० सेंटिमीटर उंचीचा मुलगा हात पसरतो तेव्हा त्याला सव्वाचार फूट रुंदी लागते. दोघे एका बेंचवर असतील तर एकाचा हात दुसऱ्याच्या नाकावर बसणारच. वर्गातल्या कवायतीत भांडणं होतात ती बहुतेक इथूनच सुरू होतात, आणि मग शिक्षक म्हणतात, “आमच्या पोरांना शिस्त नाही.” पोरांची चूक नसते. व्यायामच जागेला न मानवणारा निवडलेला असतो.

म्हणून वर्गासाठी तीन गोष्टी पाळा. हात बाजूला पसरण्याऐवजी वर किंवा समोर न्यायचे. समोर न्यायचे असतील तर सगळ्यांनी तिरकं उभं राहायचं, म्हणजे उजवा खांदा फळ्याकडे. असं केल्यावर पुढच्याच्या पाठीला हात लागत नाही. आणि एका बेंचवरच्या दोघांपैकी एकाने बेंचच्या आत, दुसऱ्याने बाहेरच्या वाटेत उभं राहायचं. वाटेतली दप्तरं आधी बेंचखाली गेली पाहिजेत. दप्तराच्या पट्ट्यात पाय अडकून पडणं हा वर्गात नेहमी होणारा अपघात आहे.

बस्करपट्टीवर बसणाऱ्या वर्गाला हे सोपं जातं. पट्ट्या गुंडाळून भिंतीला लावायला तीस सेकंद लागतात. मात्र पट्टीवर उभं राहून उड्या मारू देऊ नका. गुळगुळीत शहाबादीवरून पट्टी सरकते.

सुरुवात कशी करायची?

पहिल्या आठवड्यात व्यायाम शिकवू नका. फक्त उठणं, थांबणं आणि बसणं शिकवा. एक खूण ठरवा: बाईंनी दोनदा टाळी वाजवली की मुलांनी तीनदा वाजवायची आणि त्याच क्षणी, आहे त्या स्थितीत, थांबायचं. शिट्टी वर्गात नको. शेजारच्या वर्गाला त्रास होतो आणि लहान मुलं दचकतात.

मग रोज एकदा हे करा: “दप्तर आत”, “उभे”, “जागेवर चाला”, टाळी, “थांब”, “बसा”. वीस सेकंद चालवायचं, की टाळी. तीन-चार दिवसांत टाळीनंतर दोन सेकंदांत वर्ग थांबायला लागतो. तोपर्यंत पुढे जाऊ नका. थांबता येणारा वर्गच पळवता येतो.

तीन मिनिटांत नेमकं काय घ्यावं?

चौथी ते सातवीला चालेल असा एक क्रम:

१. जागेवर चालणं, ३० सेकंद. गुडघा कमरेच्या उंचीला यावा.
२. हात वर ताणून टाचा उचलणं, १० वेळा. वर तीन अंक थांबायचं.
३. पुढचा बेंच हातांनी धरून अर्धी बैठक, १० वेळा. टाचा जमिनीवरच. टाचा उचलल्या की सगळा भार गुडघ्यांवर जातो.
४. उजवं कोपर डाव्या गुडघ्याला, डावं उजव्याला, एकूण २० वेळा. कोपर खाली आणायचं नाही, गुडघा वर न्यायचा.
५. जागेवर धावणं किंवा चवड्यांवर हलक्या उड्या, २० सेकंद.
६. हळू चालणं २० सेकंद, मग चार दीर्घ श्वास.

पाचवा टप्पा आला की खालच्या मजल्यावरून तक्रार येते, “वर काय चाललंय?” त्यावर उपाय म्हणजे “मांजराची उडी”: आवाज न करता उतरायचं. यासाठी गुडघे वाकवून चवड्यांवर उतरावं लागतं आणि सांध्यांनाही तेच हवं असतं. आवाज करणारी उडी म्हणजे ताठ गुडघ्यांची उडी.

पुरेसा जोर लागतोय का, हे मुलांच्या बोलण्यावरून कळतं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोरदार. गाणं सहज म्हणता आलं तर ती फक्त आळोखेपिळोखे देण्याची सुट्टी झाली. तीही चालते, पण तिला व्यायाम म्हणू नये. सातवी-आठवीला नाडी मोजायला शिकवा: मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. व्यायामाआधीचा आकडा, लगेच नंतरचा आणि दोन मिनिटांनंतरचा. विज्ञानाच्या वहीत त्याचा आलेख निघतो.

पाचवीच्या पुढे भिंतीचे जोर घ्या. भिंतीपासून दोन फुटांवर उभं राहून, तळवे खांद्याच्या उंचीला टेकवून १० वेळा. बेंचवर हात ठेवून जोर नकोत. सुटा बेंच उलटतो.

मुलं एकदा उठली की परत शांतच होत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा शेवट चुकतो. उड्या ऐन रंगात आलेल्या असतात आणि शिक्षक एकदम म्हणतात, “बसा, पुस्तकं काढा.” धडधडणारं काळीज असं हुकमानं थांबत नाही. शेवटचा पाऊण मिनिट उतरणीचा ठेवा: हळू चालणं, मग उभ्या जागी श्वास, मग बसून डोळे मिटून बाहेरचे तीन आवाज ऐकायचे. एसटी, कोंबडा, शेजारच्या वर्गातले पाढे, काहीही. शिक्षकांचा आवाजही त्याबरोबर खाली यायला हवा. वर्ग गप्प करायला आपण ओरडलो की वर्ग आणखी चढतो.

दुसरी चूक असते बाद होण्याच्या खेळांची. “शिवाजी म्हणतो”, “तळ्यात-मळ्यात”, “स्टॅच्यू” हे वर्गात छान चालतात. पण चुकला तो बसला, असा नियम ठेवला तर सगळ्यात मंद मूल पहिल्या मिनिटात बसतं आणि उरलेला वेळ बघत राहतं. म्हणजे ज्याला जास्त हलवायचं त्यालाच आपण बसवलं. आणि बसलेली दहा पोरं गप्प थोडीच राहतात? नियम बदला. चुकला त्याने बेंचशेजारी पाच बैठका मारायच्या आणि लगेच खेळात परत यायचं. बैठका सगळ्यांसमोर मोजून घ्यायच्या नाहीत, ज्याच्या त्याने मोजायच्या.

तिसरं कारण म्हणजे वेळ ठरलेली नसणं. कधीतरी मूड आला म्हणून व्यायाम घेतला, तर मुलांना ती लूट वाटते आणि ती जास्तीत जास्त ओरबाडून घेतात. रोज ठरलेल्या वेळी मिळणार हे कळलं की उधळणं आपोआप ओसरतं. याला दोन-तीन आठवडे जातात, तेवढे जाऊ द्यावेत.

पोर्शन मागे पडणार नाही का?

अमेरिकेतील सीडीसी या आरोग्य संस्थेने २०१० मध्ये शाळेतली हालचाल आणि अभ्यास यांच्यावरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. सुमारे निम्म्या ठिकाणी अभ्यासावर चांगला परिणाम दिसला, बाकी जवळजवळ सगळीकडे फरक दिसला नाही. तोटा झाल्याचं अगदी क्वचित आढळलं. मार्क वाढतीलच असं आम्ही सांगणार नाही. पण यात मार्क बुडत नाहीत, एवढं निश्चिंत मनाने म्हणता येतं. शिवाय हालचालीत धडाच शिकवला, तर वेळ वेगळा काढावाच लागत नाही.

गणितात नेहमी सुचतं ते जमिनीवरची संख्यारेषा. दोन फुटी फरशीच्या हिशोबाने मोजकेच आकडे बसतात, म्हणून फुटाफुटावर खडूच्या खुणा करा. वीस फुटांच्या खोलीत ० ते १८ सहज बसतात. पण इथे एक गोम आहे: एक मूल उड्या मारतं आणि एकोणतीस बघतात. म्हणून रेषेवर एक, आणि बाकी सगळ्यांनी आपापल्या जागी तेच करायचं. बेरीज असेल तर उजवीकडे पाऊल, वजाबाकीला डावीकडे, प्रत्येक अंकाला एक. पाढे म्हणतानाही तसंच: एक ते वीस मोजत जागेवर चालायचं आणि चारच्या पाढ्यातला आकडा आला की उडी.

मराठीच्या तासाला ह्रस्व-दीर्घ घ्या. बाई शब्द म्हणतात, मुलं पहिल्या अक्षराची वेलांटी किंवा उकार ओळखतात. ह्रस्व असेल तर अर्धी बैठक, दीर्घ असेल तर हात वर करून ताण. फूल–फुलं, वीट–विटा, मूल–मुलं, मीठ–मिठाचा. अशा जोड्या दिल्या की उठणं-बसणं आपोआप होतं, आणि पाचवी-सहावीच्या मुलांना कधी दीर्घाचं ह्रस्व होतं याचा नियम स्वतःच सापडतो. वहीत लाल रेघा ओढण्यापेक्षा हा उपाय टिकतो.

कन्नडच्या तासाला तर हे फारच उपयोगी. आपल्या मुलांना वाचता येतं पण बोलायची भीड असते. निल्लि, कुळितुकोळ्ळि, एडक्के तिरुगि, बलक्के तिरुगि, कै मेले एत्ति (उभे राहा, बसा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात वर करा) अशा आज्ञा द्या आणि ओंदु, एरडु, मूरु म्हणत दहा उड्या घ्या. बाजारात ऐकलेलं कुंद्रि, निंद्रिही चालू द्या. मुलं हसतात आणि तोंड उघडतं. ज्यांच्या घरी कन्नड बोललं जातं त्यांना आज्ञा द्यायला पुढे बोलवा. एरवी मराठी व्याकरणात मागे पडणारं मूल इथे पुढारी होतं.

परिसर किंवा समाजविज्ञानासाठी नद्यांचा खेळ बघा. बेंच भिंतींना लावा किंवा व्हरांड्यात घ्या. पश्चिमेकडची भिंत म्हणजे सह्याद्री. तीस मुलांची वाटणी अशी: कृष्णा ७, दूधगंगा ४, वेदगंगा ३, घटप्रभा ५, हिरण्यकेशी ३, मार्कंडेय २, मलप्रभा ५ आणि म्हादई १. सगळ्या रांगा एकमेकांचे खांदे धरून पूर्वेकडे चालतात. आधी वेदगंगा दूधगंगेला मिळते, मग दूधगंगा कृष्णेला. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय घटप्रभेला मिळतात, घटप्रभा चिक्कसंगमला कृष्णेत जाते आणि मलप्रभा कूडलसंगमला. एकटी म्हादई उलट्या दिशेने गोव्याकडे निघते, तिला शोधायला मुलांना फार आवडतं. घटप्रभेच्या रांगेत एक मूल हिडकल धरण. त्याने हात आडवे केले की मागच्यांनी जागेवर गुडघे उचलत धावायचं, “दारं उघडली” म्हटलं की पुढे. मलप्रभेवर तसंच नविलुतीर्थ. दोन फेऱ्यांना ७-८ मिनिटं लागतात. नकाशा आधी फळ्यावर काढलेला असेल तरच हा खेळ घ्या, नाहीतर फक्त ढकलाढकली होते.

एकच शिक्षक आणि पहिली ते तिसरी एकत्र, तिथे?

नली-कलीच्या, म्हणजे खेळत-करत शिकण्याच्या पद्धतीच्या, वर्गात मुलं आधीच गटात, जमिनीवर बसलेली असतात, त्यामुळे जागेचा प्रश्न कमी. गट बदलतानाची वेळ पकडा. एका गटातून दुसऱ्या गटाकडे चालत न जाता लंगडी घालत, बेडकासारखं किंवा खेकड्यासारखं तिरकं जायचं. एका गटाला वाचून दाखवत असाल तर दुसऱ्या गटाला तोंड बंद ठेवून करायची हालचाल द्या: एका पायावर उभं राहून २० मोजणं, मग पाय बदलणं.

जंगलभागातल्या शाळांत पट आठ-दहाचा असतो. तिथे सगळ्या इयत्ता एकत्र घेऊन वर्गातच चक्राकार ठिकाणं करा. एका कोपऱ्यात बैठका, दुसऱ्यात भिंतीचे जोर, तिसऱ्यात दोरीच्या रेषेवरून तोल सांभाळत चालणं, चौथ्यात जागेवर धावणं. प्रत्येक ठिकाणी ४० सेकंद. मोठं मूल लहानाबरोबर जोडीने फिरतं. इयत्तेनुसार आकडा ठरवू नका, वेळ ठरवा. ४० सेकंदांत लहानाच्या सहा बैठका होतील, मोठ्याच्या पंधरा.

पावसाळ्यात काय करायचं?

जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल. वर्गातल्या हालचालीची खरी गरज याच चार महिन्यांत असते. दोन अडचणी येतात.

ओली फरशी ही पहिली. छत्र्या, रेनकोट आणि चपला व्हरांड्यातच राहिल्या पाहिजेत. तरी ओल येते. शहाबादीवर पाण्याचा हात फिरला की ती साबणासारखी होते. अशा दिवशी उड्या, धावणं, दिशा बदलणं बंद. बसूनच व्यायाम: बेंचवर बसून पाय आलटून-पालटून सरळ करणं २०, बसलेल्या जागेवरून हात न टेकता उठणं १०, दोन्ही हातांनी बेंचची कड वर ओढल्यासारखा जोर १० अंकांपर्यंत, तीनदा. ओल्या मोज्यांनी तर अजिबात नाही. मोजे काढून पाय कोरडे करून अनवाणी उभं करा.

दुसरी अडचण पत्र्याच्या छताची. पाऊस कोसळायला लागला की शिक्षकांचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. यासाठी हातांच्या खुणा आधीच शिकवून ठेवा. उघडा तळवा वर म्हणजे उभे, तळवा खाली म्हणजे बसा, मूठ म्हणजे थांब, फिरणारं बोट म्हणजे जागेवर धावा, दोन बोटं म्हणजे बैठक. बोलून शिकवता येत नाही अशी ती पंधरा मिनिटं मग वाया जात नाहीत.

अथणी, रायबागच्या उन्हाळ्यात वर्ग भट्टीसारखा तापतो. तेव्हा?

मार्च-एप्रिलमध्ये दुपारी जोरदार व्यायाम नको. सकाळच्या पहिल्या दोन तासांतच उरका. दुपारी फक्त उठून ताण देणं आणि पाणी पिणं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अंगावर शहारे ही लक्षणं दिसली की मुलाला सावलीत, पाय उंच करून झोपवा, ओल्या फडक्यानं पुसा, घोटघोट पाणी द्या. मूल बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर पाणी पाजू नका. अंग ओलं करत राहा आणि १०८ ला फोन लावा.

जेवणानंतर किती वेळाने?

दुपारच्या जेवणानंतर अर्धा-पाऊण तास उड्या आणि पोट वाकवणारे व्यायाम नकोत, चालणं चालेल. सकाळचं क्षीरभाग्य या सरकारी योजनेचं दूध प्यायल्यावर १५-२० मिनिटं थांबा. उपाशी आलेल्या मुलाकडे मात्र आधी लक्ष द्या. घरून काही न खाता आलेलं मूल प्रार्थनेच्या ओळीत भोवळ येऊन पडतं, आणि दोष व्यायामाला जातो.

दंगा केला म्हणून उठाबशा काढायला लावल्या. तोही व्यायामच ना?

नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. कान धरून काढलेल्या उठाबशा, मैदानाला फेऱ्या, बाकावर उभं करणं हे सगळं त्यात येतं. कायदा बाजूला ठेवला तरी त्याचा परिणाम वाईट. ज्या बैठकीची लाज वाटली, ती बैठक मूल पुढे आपणहून कधी मारेल?

याच्या उलटची शिक्षाही तितकीच वाईट आणि जास्त प्रचलित आहे: गृहपाठ केला नाही म्हणून पीटीला पाठवायचं नाही, परीक्षा आली म्हणून महिनाभर पीटीच्या तासाला गणित. गृहपाठ न करणारं चुळबुळं मूल हेच हालचालीची सगळ्यात जास्त गरज असलेलं मूल असतं. जेवण कापत नाही, तसा हा तासही कापू नये.

सहावी ते आठवीच्या मुली उठायलाच तयार नसतात.

बहुतेकदा कारण कपड्यांचं किंवा मागून बघणाऱ्या मुलांचं असतं. मुली पुढे आणि मुलं मागे अशी रचना टाळा. मुलं-मुली वर्गाच्या दोन बाजूंना, सगळ्यांची तोंडं फळ्याकडे. ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ. वाकण्याच्या आणि उड्यांच्या व्यायामाऐवजी भिंतीचे जोर, जागेवर चालणं, गुडघा-कोपर घ्या. झिम्मा आणि पिंगा वर्गाच्या मोकळ्या जागेत चार-चारच्या गटाने होतात आणि दम चांगला काढतात. फुगडीला मात्र सहा फुटांची मोकळी जागा आणि कोरडी फरशी हवी.

पाळीच्या दिवसांत हलका व्यायाम केलेला चालतो, त्याने अपाय होत नाही. पण निर्णय मुलीचा. “आज नको” एवढं तिने म्हटलं की कारण विचारू नये, आणि हे सगळ्यांनाच आधी सांगून ठेवावं.

दिव्यांग किंवा आजारी मुलांचं काय?

त्यांना हजेरी घ्यायला किंवा टाळ्या मोजायला बसवू नका. चाकाच्या खुर्चीतलं मूल ह्रस्व-दीर्घाचा खेळ हात खाली-वर करून पूर्ण खेळू शकतं. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी पावसाळ्याच्या हातखुणा वर्षभर वापरा. कमी दिसणाऱ्याला भिंतीलगतची ठरलेली जागा द्या आणि ती बदलू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोलांटी किंवा मानेवर भार येणारा व्यायाम देऊ नका.

दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात नव्हे, हाताशी हवा. उसाचा पाला पेटवतात त्या दिवसांत आणि फळा झाडल्यावर लगेच अशा मुलांना त्रास होतो, तेव्हा खिडक्या बघून ठरवा. थोड्या हालचालीनेच धाप लागते, डोळ्यांची आतली कड पांढुरकी दिसते, ओठ निळसर होतात, अशी मुलं वेगळी लिहून ठेवा आणि शाळेत आरोग्य तपासणीला पथक येईल तेव्हा दाखवा. ओठ निळे पडत असतील तर पथकाची वाट न बघता लगेच सरकारी दवाखान्यात पाठवा.

साहित्याला पैसे नाहीत.

फार लागतही नाहीत. चिंचोक्यांच्या पिशव्या करा: १५ सेंटिमीटर चौरस जाड कापड, दुहेरी शिवण, आत १५० ते २०० ग्रॅम चिंचोके. ज्वारी किंवा मका भरू नका, उंदीर फोडतात. ही पिशवी डोक्यावर ठेवून चालता येतं, गुडघ्याखालून फिरवता येते, जोडीदाराकडे टाकता येते, आणि नेम चुकला तरी काच फुटत नाही. सायकलची जुनी ट्यूब फुटभर कापून बेंचच्या टोकदार कोपऱ्यांना बांधा. वर आलेले खिळे ठोकून घ्या, हे तर पहिल्या दिवशीच.

दोरीच्या उड्या वर्गात नकोत, पंखा आणि शेजारी दोन्हींना धोका. व्हरांड्यासाठी दोरी घ्यायची तर मापानं: दोरीच्या मध्यावर उभं राहिलं की दोन्ही टोकं काखेपर्यंत यावीत.

लेझीम आणि सूर्यनमस्कार वर्गात घेता येतील का?

लेझीम हातात असेल तर नाही. लेझीमविना पावलं आणि ताल मात्र उत्तम बसतात; शिवजयंतीची तयारी अशी वर्गातच सुरू करा. सूर्यनमस्काराला प्रत्येक मुलामागे साधारण सहा बाय अडीच फूट कोरडी जागा लागते. बेंचच्या वर्गात ती नसते. उभ्याने होणारी पहिली तीन आसनं घेता येतात, बाकी व्हरांड्यात पाळीपाळीने.

मूल पडलं, लागलं तर?

पाय मुरगळला तर चालू देऊ नका. थंड पाण्याचं फडकं १५-२० मिनिटं, पाय उंच. तेल लावून चोळणं, ओढून बसवणं हे करूच नका. आत हाड मोडलेलं असेल तर इजा वाढते. डोक्याला लागलं असेल तर मूल हसत असलं तरी त्याच दिवशी पालकांना कळवा. उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा विसराळू बोलणं दिसलं तर थेट दवाखाना. जे घडलं ते तारीख-वेळेसह वहीत लिहा.

“शाळेत नाचायला पाठवतो काय?” असं पालक विचारतात.

एसडीएमसीच्या बैठकीत भाषण देऊ नका. पालकांना मुलांच्या बेंचवर अर्धा तास बसवा आणि मग तीन मिनिटांचा क्रम त्यांच्याकडूनच करून घ्या. नद्यांचा खेळ दाखवा आणि एखाद्या मुलाला मलप्रभा कुठे मिळते ते विचारा. बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो. उरलेल्यांना वेळापत्रक दाखवा: कोणत्याही विषयाचा एकही तास कापलेला नाही.

मला स्वतःला गुडघेदुखी आहे. मी कसं घेऊ?

उड्या तुम्ही मारायची गरज नाही. पण खुर्चीतून उठा. शिक्षक खुर्चीत आणि मुलं घामाघूम, हे चित्र असलं की आठवड्यात वर्ग थंड पडतो. तुम्ही वाटेतून चालत राहा, हात वर करण्याचे व्यायाम सोबत करा, आणि क्रम दाखवायला रोज दोन मुलं पुढे बोलवा, हजेरीपटाच्या क्रमाने, म्हणजे लाजरी मुलंही येतात. त्यांनी वर्गाकडे तोंड करून उभं राहायचं असेल तर डावं-उजवं उलटं होतं. पहिली-दुसरीत गोंधळ नको म्हणून त्यांना फळ्याकडे तोंड करून उभं करा.